दुसरी प्रत कोठे आहे?

वर्गात करून पाहण्यासारखा एक छोटा उपक्रम आहे. मुलांना सांगावे, की घरातला सर्वांत जुना फोटो शोधा आणि त्याची माहिती घरच्यांना विचारून या. आम्ही हा उपक्रम नववीच्या मुलांबरोबर केला. कोणी फेटा बांधलेल्या पणजोबांचा फोटो आणला, कोणी आजी-आजोबांचा लग्नानंतर स्टुडिओत काढलेला. काहींचे कोपरे कसरीने खाल्ले होते, काही पार पिवळे पडले होते. तरीही पन्नास-साठ वर्षांनंतर चेहरे ओळखू येत होते.

मग आम्ही दुसरा प्रश्न विचारला : घरातला सर्वांत नवा फोटो कोठे आहे? सगळ्यांचे उत्तर एकच होते, फोनमध्ये. फोन हरवला तर? "क्लाउडवर असतो ना!" काही मुले म्हणाली. क्लाउड म्हणजे नेमके कोठे, हे मात्र कोणाला सांगता येईना. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, की तिच्या धाकट्या भावाचा पहिल्या दोन वर्षांतला एकही फोटो घरात नाही. आईचा फोन बसमध्ये चोरीला गेला आणि सगळे त्यातच होते.

म्हणजे साठ वर्षांपूर्वीचे आजोबा घरात आहेत आणि चार वर्षांपूर्वीचा भाऊ नाही! दरम्यानच्या काळात विज्ञान तर कितीतरी पुढे गेले. मग असे का व्हावे? या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर फोटोंच्या जपणुकीचा इतिहास चाळावा लागतो. तो जवळजवळ छायाचित्रणाइतकाच जुना आहे.

एकुलती एक प्रत

पॅरिसच्या विज्ञान अकादमीत ७ जानेवारी १८३९ रोजी लुई दागेर यांच्या छायाचित्रणाच्या पद्धतीची घोषणा झाली. तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा मुलामा द्यायचा, तो आयोडीनच्या वाफेवर धरून प्रकाशसंवेदी करायचा, कॅमेऱ्यात प्रकाश दाखवायचा आणि मग पाऱ्याच्या वाफेने चित्र उमटवायचे, अशी ती पद्धत होती. चित्र इतके रेखीव येई, की भिंगातून पाहिले तरी तपशील दिसत. पण त्यात एक मोठी उणीव होती. प्रत्येक चित्र एकुलते एक असे. त्यावरून दुसरे छापून काढता येत नसे. पत्रा ओरखडला, हरवला किंवा घराला आग लागली, की चित्र कायमचे गेले.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट कागदावर प्रयोग करत होते. १८४१ मध्ये त्यांनी पेटंट घेतलेल्या पद्धतीत कॅमेऱ्यात आधी उलटे चित्र मिळे, म्हणजे उजेडाच्या जागी काळे आणि सावलीच्या जागी पांढरे. त्या कागदाखाली दुसरा प्रकाशसंवेदी कागद ठेवून उन्हात धरला, की सुलटे चित्र छापले जाई. एका उलट्या चित्रावरून हव्या तितक्या प्रती काढता येत. 'निगेटिव्ह' आणि 'पॉझिटिव्ह' हे शब्द या चित्रांना जॉन हर्शेल या शास्त्रज्ञांनी दिले.

टॅलबटचे चित्र दागेरच्या चित्राइतके रेखीव नव्हते. पण पुढची दीडशे वर्षे जग टॅलबटच्या वाटेने गेले. याचे एक मोठे कारण म्हणजे प्रत काढण्याची सोय.

प्रती वाढल्या तरी काळजी संपली नाही. कागदावरचे फोटो काही वर्षांतच फिके पडू लागले. शेवटी १८५५ मध्ये लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीने फोटो फिके का पडतात, हे शोधण्यासाठी एक समितीच नेमली. राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट यांनी तिला पैसे दिले. फोटो पक्का करण्यासाठी वापरलेला हायपो नीट धुतला न जाणे, हवेतली गंधकयुक्त संयुगे आणि ओल ही कारणे समितीने पुढे मांडली. फोटो काढता येऊ लागल्यानंतर वीस वर्षांच्या आतच तो टिकवायचा कसा, हा शास्त्राचा विषय झाला होता.

स्टुडिओतले कपाट

१८५४ मध्ये पॅरिसच्या दिस्देरी यांनी एकाच काचेवर अनेक लहान फोटो घेण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. फोटो स्वस्त झाले. ते पुठ्ठ्यावर चिकटवून नातेवाइकांना वाटण्याची प्रथाच पडली. एकाच माणसाचा फोटो मामाकडे, आत्याकडे, सासरी आणि माहेरी असा चार ठिकाणी जाऊ लागला.

फोटोची काच मात्र स्टुडिओतच राही. जुन्या फोटोंच्या पाठीमागे पुष्कळदा स्टुडिओचे नाव आणि निगेटिव्हचा क्रमांक दिसतो. नंतर कधी प्रत हवी असेल तर तो क्रमांक सांगायचा, अशी सोय होती. आपल्याकडेही गावोगावच्या फोटो स्टुडिओंत हीच रीत होती. मुंजीचा किंवा शाळेच्या निरोप समारंभाचा फोटो वर्षादोन वर्षांनी पुन्हा काढून मिळे.

आजच्या भाषेत सांगायचे तर मूळ प्रत दुसऱ्याच्या इमारतीत, त्याच्या विश्वासावर ठेवलेली होती, आणि छापील प्रती नात्यागोत्यात विखुरलेल्या होत्या. कोणीही ठरवून ही योजना आखली नव्हती, पण ती कामाची होती. पुरात एका घरातला अल्बम गेला तरी दुसऱ्या गावच्या मावशीकडे तोच फोटो सापडे. नववीच्या मुलांनी आणलेले फोटो टिकले ते अशाच साखळीमुळे.

या साखळीतली जोखीमही लक्षात घ्यायला हवी. कोलकात्याचा 'बोर्न अँड शेफर्ड' हा देशातल्या सर्वांत जुन्या स्टुडिओंपैकी एक. १८६० च्या दशकापासूनचा तिथला संग्रह १९९१ मध्ये लागलेल्या आगीत मोठ्या प्रमाणात नष्ट झाला. २०१६ मध्ये तो स्टुडिओही बंद झाला. ज्या फोटोंच्या प्रती लोकांच्या घरी किंवा ग्रंथालयांत पोचल्या होत्या, त्या राहिल्या. ज्यांची फक्त काच होती, त्या चित्रांचा प्रश्नच मिटला.

जळणारी फिल्म

१८८९ पासून ईस्टमन यांच्या कंपनीने काचेऐवजी सेल्युलॉइडची लवचीक फिल्म विकायला सुरुवात केली. तिच्यामुळे चलच्चित्र आले. पण ही फिल्म सेल्युलोज नायट्रेटची होती. कापसावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून स्फोटक बनवतात, त्याच कुळातला हा पदार्थ. तिच्या रेणूंतच ऑक्सिजन असतो, त्यामुळे एकदा पेटली की ती पाण्याखालीही जळत राहते. न पेटली तरी वर्षानुवर्षे ती आपोआप विघटित होत जाते, आधी चिकट होते आणि शेवटी तिची भुकटी होते.

जुलै १९३७ मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात लिटल फेरी येथे फॉक्स कंपनीच्या फिल्म-कोठाराला आग लागली आणि त्या कंपनीचे बहुतेक मूकपट जळून गेले. कोठार खास फिल्म ठेवण्यासाठी बांधलेले होते. पण सगळे तेथे एकाच जागी होते.

आपल्याकडची कहाणी आणखी जवळची आहे. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईत गिरगावातल्या कोरोनेशन चित्रपटगृहात लागला. तो चार रिळांचा होता. आज त्यातले पहिले आणि शेवटचे रीळ तेवढे उपलब्ध आहे. तीही मूळ १९१३ ची, की फाळक्यांनी १९१७ मध्ये पुन्हा काढलेल्या आवृत्तीची, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. भारतात तेराशेहून अधिक मूकपट निघाले, पण त्यांतले पूर्ण किंवा तुकड्यांत उरलेले असे सगळे मिळून तीसही नाहीत. १९३१ साली आलेला पहिला भारतीय बोलपट 'आलम आरा' याची एकही प्रत शिल्लक नाही.

जे उरले त्यासाठी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे आणि पी. के. नायर यांचे ऋण मानावे लागते. १९६४ मध्ये हे संग्रहालय स्थापन झाले. नायर यांनी देशभर हिंडून रिळे गोळा केली आणि फाळक्यांच्या चित्रपटांचे अवशेष वाचवले. पण त्याच पुण्यात ८ जानेवारी २००३ रोजी चित्रपट प्रशिक्षण संस्थेच्या आवारातल्या कोठाराला आग लागून नायट्रेट फिल्मचा मोठा साठा जळाला. ज्यांच्या प्रती सुरक्षित फिल्मवर उतरवून झाल्या होत्या, ते चित्रपट राहिले. बाकीच्यांचे मूळ रीळ हेच शेवटचे रीळ ठरले.

याच्या उलट घडलेला एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. अमेरिकेच्या कायद्यात १९१२ पर्यंत चित्रपटाला स्वतंत्र स्वामित्वहक्क नव्हता, फोटोला मात्र होता. म्हणून निर्माते आपल्या चित्रपटाची प्रत्येक चौकट लांबलचक कागदी पट्टीवर छापत आणि फोटो म्हणून सरकारी ग्रंथालयात नोंदवत. हेतू जपणुकीचा नव्हता, कज्जे टाळण्याचा होता. पुढे फिल्मच्या मूळ प्रती जळाल्या किंवा कुजल्या, पण या कागदी गुंडाळ्या तळघरात तशाच पडून होत्या. त्यांवरून एकेक चौकट पुन्हा फिल्मवर घेऊन सुमारे तीन हजार चित्रपट परत मिळाले. ते वाचले ते मजबूत कोठारामुळे नव्हे. दुसरी प्रत होती, ती दुसऱ्या पदार्थावर होती, दुसऱ्या जागी होती आणि दुसऱ्याच्या ताब्यात होती. या चार गोष्टी पुढेही आपल्याला लागणार आहेत.

चित्राचे आकडे झाले

१९५७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत काम करणाऱ्या रसेल कर्श यांनी आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचा फोटो एका यंत्रात घातला. यंत्राने त्या चित्राचे उभ्या-आडव्या १७६ रांगांत चौकोन पाडले आणि प्रत्येक चौकोनासाठी संगणकात शून्य किंवा एक असा आकडा भरला. एकूण ३०,९७६ आकडे झाले. आज फोनमधल्या एका फोटोला त्याच्या कित्येक शेपट, सहज हजारपट जागा लागते. संगणकात शिरलेला हा पहिला फोटो एका बापाने घातलेला तान्ह्या मुलाचा फोटो होता, हे आम्हांला विशेष वाटते.

१९७५ मध्ये कोडॅक कंपनीतले अभियंते स्टीव्हन सॅसन यांनी फिल्मशिवाय चालणारा कॅमेरा बनवला. एक फोटो कॅसेटच्या फितीवर नोंदवायला त्याला २३ सेकंद लागत. पुढची कथा आपल्या खिशातच आहे.

चित्राचे आकडे झाल्याने एक मूलभूत बदल झाला. फिल्मच्या प्रतीवरून प्रत काढत गेले, की दर वेळी थोडा तपशील हरवतो. आकड्यांचे तसे नाही. त्यांची हजारावी प्रतसुद्धा मुळाबरहुकूम असते. म्हणून मूळ आणि नक्कल हा भेदच उरत नाही. टॅलबटने जे साधले त्याचे हे टोक म्हणता येईल.

पण एक गोष्ट आपण गमावलीही. पिवळा पडलेला फोटो अर्धा खराब झाला तरी उरलेला अर्धा डोळ्यांना दिसतो. हार्ड डिस्क बिघडली, की सगळेच एकदम जाते. डिस्कच्या चकतीवर वाचणारे टोक इतक्या कमी अंतरावरून तरंगते, की धक्का लागून ते चकतीला टेकले तर तेथील नोंदच खरवडली जाते. आमच्या एका सहकाऱ्याने शाळेच्या सहा स्नेहसंमेलनांचे फोटो आणि चित्रफिती अशा एकाच डिस्कवर ठेवल्या होत्या. ती टेबलावरून पडली, तीन वेळा 'टक' असा आवाज आला आणि सहा वर्षे संपली. फ्लॉपी आणि सीडी यांची तर आणखी वेगळी तऱ्हा. नोंद शाबूत असली तरी ती वाचणारे यंत्र आता घरात नसते.

चार चिठ्ठ्यांचे गणित

यंत्रे बिघडणारच, हे गृहीत धरून माहिती वाचवण्याचे गणित विसाव्या शतकाच्या मध्यात तयार झाले. बेल प्रयोगशाळेतले रिचर्ड हॅमिंग शनिवार-रविवारी संगणकाला काम लावून जात. सोमवारी येऊन पाहावे तर चूक आढळल्यामुळे यंत्राने काम सोडून दिलेले असे. यंत्राला चूक कळते, तर ती कोठे झाली हे का कळू नये, असा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला. त्यातून १९५० मध्ये चूक दुरुस्त करणारी संकेतप्रणाली आली. १९६० मध्ये आयर्व्हिंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन यांनी आणखी समर्थ पद्धत मांडली.

तिचा गाभा दहावीच्या बीजगणितातून समजावता येतो. समजा, आपल्याला ३ आणि ५ हे दोन आकडे जपायचे आहेत. पहिल्याला 'क' आणि दुसऱ्याला 'ख' म्हणू. चार चिठ्ठ्या करा. पहिलीवर क म्हणजे ३, दुसरीवर ख म्हणजे ५, तिसरीवर क + ख म्हणजे ८ आणि चौथीवर क + २ख म्हणजे १३ लिहा. चार मुलांना एकेक चिठ्ठी द्या आणि कोणत्याही दोघांना वर्गाबाहेर पाठवा. उरलेल्या दोन चिठ्ठ्यांवरून दोन्ही आकडे काढता येतात. समजा, पहिली आणि दुसरी अशा दोन्ही मूळ चिठ्ठ्या गेल्या. १३ मधून ८ वजा केले, की ख = ५ मिळतो आणि मग क = ३. इतर जोड्याही मुलांनी करून पाहाव्यात.

आता तुलना करा. ३ च्या दोन आणि ५ च्या दोन अशा साध्या नकला केल्या तरी चिठ्ठ्या चारच लागतात. पण दोन्ही ३ हरवले तर आकडा गेला. म्हणजे तेवढ्याच कागदात समीकरणांनी जास्त सुरक्षितता दिली. सीडीवरचा ओरखडा किंवा क्यूआर कोडवरचा डाग फारसा आड येत नाही, तो याच जातीच्या गणितामुळे.

ढग म्हणजे कोणाचे तरी कपाट

अभियंते आकृत्या काढताना, ज्या जाळ्याच्या आत काय आहे याच्याशी त्या वेळी कर्तव्य नाही, त्याच्या जागी ढग काढत. 'क्लाउड' हा शब्द तेथून आला. प्रत्यक्षात तो ढग म्हणजे मोठमोठ्या इमारती, त्यांत मांडलेली हजारो यंत्रे, भरपूर वीज आणि त्यांना गार ठेवणारी व्यवस्था.

२००३ मध्ये गूगलच्या अभियंत्यांनी आपल्या साठवणपद्धतीवर एक निबंध प्रसिद्ध केला. हजारो स्वस्त यंत्रे वापरली, की त्यांतले एखादे बिघडणे ही नेहमीचीच बाब मानली पाहिजे, असे गृहीत त्यांनी धरले होते. माहितीचे तुकडे करून प्रत्येक तुकड्याच्या साधारणपणे तीन प्रती वेगवेगळ्या यंत्रांवर ठेवायच्या आणि एक गेली की उरलेल्यांवरून नवी करायची. २००६ मध्ये ॲमेझॉनने अशी साठवण भाड्याने द्यायला सुरुवात केली. फेसबुकच्या अभियंत्यांनी २०१४ मध्ये जुन्या फोटोंसाठी रीड-सॉलोमन गणित वापरल्याचे सांगितले. दहा तुकड्यांसाठी चार जादा तुकडे करायचे, आणि चौदांपैकी कोणतेही दहा असले, की फोटो पुरा. आपल्या चार चिठ्ठ्यांचीच ही मोठी आवृत्ती.

२०१५ च्या मे महिन्यात गूगल फोटोज ही सेवा आली आणि फोन आपोआप फोटो वर चढवू लागला. त्यामुळे ज्यांचा फोन हरवला, चोरीला गेला किंवा पुरात भिजला, अशा असंख्य लोकांचे फोटो वाचले. हे मोठेच काम आहे. स्टुडिओतले ते कपाट पुन्हा मिळाले, आणि तेही आगीला न भिणारे, असे वाटू लागले.

गणित जेथे संपते

पण चार चिठ्ठ्यांचा खेळ पुन्हा आठवा. चारही मुले एकाच खोलीत असली आणि खोलीलाच आग लागली तर? किंवा गुरुजींनीच चुकून सांगितले, की सगळ्यांनी आपापल्या चिठ्ठ्या फाडून टाका? समीकरण यंत्राच्या बिघाडापासून वाचवते. इमारत, माणूस आणि कंपनी यांच्यापासून ते वाचवत नाही.

इमारतीची उदाहरणे ताजी आहेत. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबूर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या संगणक-केंद्राची एक इमारत जळाली. ज्यांची मूळ माहिती आणि राखीव प्रत दोन्ही त्याच आवारात होत्या, त्यांचे सर्वस्व गेले. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियात देजॉन येथील सरकारी माहिती-केंद्रात बॅटऱ्यांना आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांच्या कामाच्या फायली ठेवण्याच्या व्यवस्थेतली ८५८ टेराबाइट माहिती तीत नष्ट झाली. साठा फार मोठा म्हणून त्याची बाहेर दुसरी प्रत ठेवलेलीच नव्हती. लिटल फेरीच्या कोठारानंतर ८८ वर्षांनी तीच चूक झाली.

माणसाच्या चुकीचे उदाहरण १९९८ चे आहे. पिक्सार कंपनीत 'टॉय स्टोरी २' या चित्रपटाचे काम चालू असताना चुकीच्या आज्ञेमुळे त्याच्या बहुतेक फायली पुसल्या गेल्या. राखीव प्रत काढली, तर ती कितीतरी दिवस नीट होतच नव्हती असे आढळले. ती परत काढून कोणी पाहिलीच नव्हती! गॅलिन सुसमन या अधिकारी बाळंतपणानंतर घरून काम करत होत्या आणि त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती, म्हणून काम सावरले.

आपल्या फोनच्या बाबतीत ही चूक एका गैरसमजातून होते. फोन आणि क्लाउड पुष्कळदा एकमेकांशी जोडलेले असतात. एकीकडचा फोटो पुसला, की दुसरीकडचाही पुसला जातो. महिना-दोन महिने तो कचरापेटीत असतो, मग कायमचा जातो. अशी जोडणी म्हणजे आरशातले प्रतिबिंब. त्याला दुसरी प्रत म्हणता येत नाही.

राहता राहिली कंपनी. भारतात एके काळी घरोघरी असलेले ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. मायस्पेसने २०१९ मध्ये सांगितले, की यंत्रे बदलताना तीन वर्षांहून जुने फोटो, चित्रफिती आणि गाणी हरवली आहेत. गूगल फोटोजची अमर्याद मोफत जागा १ जून २०२१ पासून थांबली. दोन वर्षे न वापरलेली खाती काढून टाकण्याचे धोरणही त्या कंपनीने २०२३ मध्ये अमलात आणले. यात कोणी फसवले असे म्हणता येत नाही. कपाट दुसऱ्याचे असले, की नियमही त्याचे असतात. आणि खातेदार वारला, परवलीचा शब्द कोणालाच ठाऊक नाही, अशा घरात तर फोटो शाबूत असूनही कुलपाआड राहतात. आपल्यामागे खाते कोणाला उघडता यावे, हे लिहून ठेवण्याची सोय गूगलने २०१३ पासून दिली आहे. ती वापरली पाहिजे.

मग करावे काय?

पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकारांनी फोटोंच्या जपणुकीसाठी एक सोपा नियम लोकप्रिय केला : तीन, दोन, एक. प्रत्येक फोटोच्या तीन प्रती, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या जागी. कागदी गुंडाळ्यांनी जे अजाणता साधले, तेच येथे जाणून करायचे. एक प्रत फोनमध्ये, एक क्लाउडवर आणि एक घरातल्या डिस्कवर, असे साधारण कुटुंबालाही जमण्यासारखे आहे. त्यात आम्ही एकच भर घालू. वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत म्हणा, दोन्ही राखीव प्रतींतले पाच-दहा फोटो उघडून पाहावेत. उघडून न पाहिलेल्या प्रतीचे काय होते, हे वर आलेच आहे.

आणि थोडे फोटो कागदावर छापून घ्यावेत, नात्यात वाटावेत. पाच हजारांतले पन्नास निवडणे हेही एक काम आहे, पण ते घरातल्या सगळ्यांनी मिळून करण्यासारखे आहे.

त्या मुलीने नंतर काय केले, ते सांगायचे राहिले. उपक्रमानंतर तिने सगळ्या नातेवाइकांना फोन केले. आईने मावशीला आणि काकूला वेळोवेळी मेसेजमधून पाठवलेले फोटो त्यांच्या फोनमध्ये होते. एकूण अकरा मिळाले. मेसेजमधून जाताना फोटो लहान केला जातो, त्यामुळे ते थोडे अस्पष्ट आहेत. पण एकात भाऊ पहिल्यांदा उभा राहिलेला दिसतो. तिने तो छापून आणला आणि वर्गात दाखवला. मागच्या बाजूला तिने पेनाने तारीख लिहिली होती, आणि खाली लिहिले होते, 'दुसरी प्रत मावशीकडे.'